वरचं दूध

आमच्या तिगावात 'वरचं दूध' हा शब्द अजूनही हळू आवाजात बोलतात, जणू त्या बाईचीच काही चूक आहे. म्हणून आज जरा मोठ्याने लिहिते.

लेकीचं बाळंतपण नागपूरला झालं. पुढे तिला अशी औषधं सुरू झाली की डॉक्टरांनीच अंगावर पाजायला मनाई केली. दीड महिन्याची नात घेऊन मी गावी आले. आईच्या दुधाला तोड नाही, हे मला ठाऊक आहे. 1992 च्या कायद्यामुळे प्रत्येक डब्यावर तसं छापावंच लागतं, आणि डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र दिसत नाही तेही त्याच कायद्याने. पण ज्या लेकराला ते दूध मिळूच शकत नाही, त्याची बाटली तरी नीट बनली पाहिजे ना?

सिस्टरने निघताना सगळं समजावून दिलं होतं. पावडर बंद डब्यातली असली तरी निर्जंतुक नसते. त्यात जंतू असू शकतात, आणि तान्ह्या बाळाला ते जिवावर बेततात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 2007 साली सांगून ठेवलंय की पाणी निदान 70 अंश गरम हवं. घरी थर्मामीटर कुठला! पाणी खळखळ उकळायचं आणि अर्ध्या तासाच्या आत वापरायचं. डब्यावर कोमट पाणी लिहिलं असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या. बाटली अन् बूच ब्रशने घासून, पाण्यात पूर्ण बुडवून 10 मिनिटं उकळायचं. आधी मोजून पाणी, मग पावडर. चमचा त्याच डब्यातला, सुरीच्या पाठीने सपाट केलेला. मग बाटली थंड पाण्याच्या भांड्यात धरायची आणि मनगटावर थेंब टाकून बघायचा. उरलेलं दूध दोन तासांनंतर ठेवायचं नाही, ओतून द्यायचं. आमच्याकडे लाइटीचा भरवसा नाही, म्हणून फ्रीजमध्ये साठवण नाहीच. रात्रीसाठी उकळतं पाणी चांगल्या थर्मासमध्ये. घाट चढणाऱ्या मालगाडीच्या आवाजाने नात उठायची, तोवर माझं पाणी तयार.

माझी आई ब्याऐंशीची. ती रोज म्हणायची, "एवढं घट्ट कसं पचन वं लेकराले? एक चमचा कमी टाक."

मी नुसती "हो" म्हणायची आणि माप पुरं टाकायची. कारण मला खरं उत्तर देववत नव्हतं. माझ्या पाठचा भाऊ डब्याच्या दुधावर होता. आईला दूध आलं नव्हतं, डबा महाग, बाबांची मजुरी. एक डबा महिनाभर पुरवायचा म्हणून चमचे कमी, पाणी जास्त. पोट भरायचं, पण अंगाला लागायचं नाही. सात महिन्यांचा असताना हगवणीत तो गेला. घरात सगळे म्हणाले, नजर लागली.

एके दिवशी नात वजन करून आली, चांगली भरली होती. आईने डबा हातात घेतला, चमचा बघत राहिली. "पाणी जास्त झालं तं काय होते?"

मी सांगितलं. पोट भरतं पण पोषण होत नाही. पावडर जास्त झाली तरी वाईटच, बाळाच्या अंगातलं पाणी कमी पडतं.

"मंग आपल्या बाळ्याले मीच..." पुढे तिला बोलवलं नाही.

"आई, डबा महाग होता. आणि तुला कोणी सांगितलंच नाही," मी म्हणाले. ती बराच वेळ रडली. पन्नास वर्षांत त्या लेकरासाठी तिला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

तेव्हापासून चमचा सपाट करायचं काम तिने स्वतःकडे घेतलंय. हात थरथरतो, पण एक कण जास्त नाही, एक कण कमी नाही. शेजारची कोणी बाळंतीण आली की तिलाही बजावते, "पाणी वाढवू नको वं. डबा पुरत नसन तं सांग, लपवू नको."

तुमच्या घरी डबा असेल तर एवढं एक वाक्य घरातल्या म्हाताऱ्या बाईला नक्की सांगा. पण जरा मायेने सांगा.