धुऱ्यावरची चव

बोरीचं झाड मुद्दाम कुणी लावत नाही. तरी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एकही बोर नाही असं वावर मारेगाव तालुक्यात शोधावं लागेल. पऱ्हाटी, तूर, सोयाबीन माणसानं पेरलं. बोरी पेरल्या त्या कोल्ह्यानं, रानडुकरानं आणि कापूस वेचता वेचता बोर तोंडात टाकून आठोळी थुंकणाऱ्या बायांनी. पीकपेऱ्यात तिचं नाव नसतं, पीककर्जाला ती चालत नाही, विम्यात बसत नाही. माझं पोट कापसावर आहे. पण पेरणी आणि डवरणीच्या मधे जी सवड मिळते, तेवढ्यात मी बोरींना डोळे भरत हिंडतो. आधी आपल्या धुऱ्यावर, मग शेजाऱ्याच्या, मग बोलावतील तिथं. या कामाचे पैसे कुणी फारसे देत नाही आणि मी मागतही नाही. तरी ते का करावं, याचं उत्तर मला त्या झाडांनीच हळूहळू दिलं.

गावठी बोराविषयी आधी ध्यानात घ्यायचं ते हे, की दोन झाडांची बोरं कधी सारखी नसतात. एक लांबट, एक गोल. एकाचा गर पिठाळ, दुसऱ्याचा चिकट. एक कार्तिकातच पिवळं पडतं, एक पौष सरेपर्यंत दात आंबवतं. दहा पावलांच्या अंतरात हा फरक असतो. पण एका झाडावरची सगळी बोरं मात्र एकाच वळणाची. वेचणीच्या बाया म्हणूनच झाडाशी एक बोर चाखतात आणि ओटी भरायची की पुढं जायचं ते ठरवतात. शबरीनं एकेक बोर चाखून रामाला दिलं असं आपल्याकडं सांगतात. मला त्यातून एवढंच कळतं, की तिच्या टोपलीत पुष्कळ झाडांची बोरं होती. एकाच झाडाची असती तर एक चाखून भागलं असतं.

या फरकाचं मूळ फुलात आहे. पावसाळा उतरणीला लागला की पानांच्या बगलेत हिरवट-पिवळी, इवली फुलं येतात. वास काही सुखाचा नसतो, पण माश्या, मधमाश्या, गांधीलमाश्या त्यावर तुटून पडतात. काही झाडांची फुलं सकाळी उमलतात, काहींची दुपारी. आणि बहुतेक बोरी आपल्याच परागावर नीट फळ धरत नाहीत. त्यामुळं या धुऱ्यावरचा पराग त्या धुऱ्यावर जातो आणि दर आठोळीत नवी सरमिसळ उतरते. गोड बोराची आठोळी पुरली म्हणून गोडच बोर येईल, याची हमी नाही. याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची. आज धुऱ्यावर उभं असलेलं गोड झाड बियांमधून पुन्हा तसंच्या तसं येणार नाही. ते गेलं की ती चव गेली. तिला टिकवायचा रस्ता एकच: त्याच झाडाचा डोळा काढून दुसऱ्या खुंटावर भरणं.

कोणत्या झाडाचा डोळा घ्यावा हे मात्र पुस्तक सांगू शकत नाही. ते बायांना ठाऊक असतं. कुठल्या नाल्यावरची बोरी मधासारखी, कुठलीत हमखास अळी, कुठली फक्त वाळवायला बरी, हा सगळा नकाशा त्यांच्या तोंडी असतो. झाडांना नावंही असतात: नाल्यावरची, पाटलाची, उशिराची. ही ‘उशिराची’ मला दाखवली आमच्या वावरापलीकडच्या कोलाम पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, एका म्हातारीनं. मी त्या झाडाची बोरं आंबट म्हणून सोडून द्यायचो. ती म्हणाली, “आंबट नाही थे. तुले घाई हाये गा बापू. शिवरात्रीले ये.” शिवरात्रीला गेलो, तर बाकीच्या बोरी झडून मोकळ्या झालेल्या आणि ही लाल-तपकिरी फळांनी वाकलेली. हंगाम संपल्यावर गोड होणारं झाड म्हणजे धुऱ्यावरची ठेवच. मी भरलेल्या डोळ्यांत सगळ्यात जास्त डोळे तिचे आहेत.

झाड ठरलं की पुढचं काम छाटणीचं, आणि छाटणी म्हटली की मला रासबेरी आठवते. महाबळेश्वराला स्ट्रॉबेरीच्या शेजारी ती विकायला असते. तिची रीत ऐकली तेव्हा ती मला बोरीची दूरची नातेवाईक वाटली. कूळ वेगळं, पण वागणं ओळखीचं. तिलाही काटे, तिचंही फळ एकदम न पिकता रोज थोडं थोडं पिकणारं, टोपलीत जाण्याआधी तोंडात जाणारं. तिची मुळं वर्षानुवर्षं जगतात, पण वरची छडी साधारण दोन वर्षांची. पहिल्या वर्षी वाढते, दुसऱ्या वर्षी फळून वाळते. ती कापून काढली तरच नव्या छडीला जागा होते. बोरीचं खोड जुनं चालतं, पण फळ धरतं ते त्याच वर्षीच्या नव्या फांदीवर. म्हणजे कापल्याशिवाय दोघीही नीट देत नाहीत. फरक विश्रांतीचा आहे. रासबेरीला हिवाळ्याची थंडी झोपायला लागते. आमच्या वैशाखात तिनं मान टाकली असती. बोरी नेमकी त्याच उन्हात पानं झाडून स्वस्थ बसते. पऱ्हाट्या उपटून झालेल्या, जमीन भेगाळलेली, माणूस सावली शोधतोय, तेव्हा बोरीची रात्र असते. छाटायचं ते तेव्हाच.

छाटणीत नवख्याचा हात कचरतो. एवढं वाढलेलं झाड, आणि मागच्या वर्षीच्या फांद्या अर्ध्याहून जास्त काढायच्या! पण राखून छाटलं तर पावसाळ्यात नुसत्या काटक्या वाढतात आणि बोरं टोकाला, हाताबाहेर जातात. काटे जोडीजोडीनं असतात, एक सरळ, एक वळलेला. सरळ टोचतो, वळलेला सोडत नाही. म्हणून एका हातात कोयता आणि दुसऱ्या हातात बेचकीची काठी हवी. कापलेली फांदी हातानं नाही, काठीनं ओढायची. यातलं काही वाया जात नाही. त्या काट्यांची कुपाटी होते, आणि रोह्यांपासून पेरा वाचवायला तिच्याइतकं स्वस्त काही नाही. छाटून झालं की झाडाखालची माती खणून उन्हाला उघडी पाडायची. बोरात सापडणारी अळी ही फळमाशीची. माशी कोवळ्या फळात अंडं घालते, अळी गरावर पोसते आणि कोषात जायला मातीत उतरते. मे महिन्याचं ऊन त्या कोषांना लागलं की पुढच्या हिवाळ्यातलं निम्मं काम झालं. उरलेल्या निम्म्यासाठी हंगामात पडलेली किडकी बोरं झाडाखाली सडू द्यायची नाहीत.

डोळा भरायचा तो पावसाळ्यात, साल सुटायला लागली की. ज्या आंबट झाडावर भरायचं ते उन्हाळ्यातच गुडघ्याएवढा खुंट ठेवून कापलेलं असतं. त्यावर फुटव्यांचा पुंजका येतो. त्यातले पेन्सिलीच्या जाडीचे, वेगवेगळ्या दिशांचे दोन-तीन जोमदार फुटवे ठेवायचे, बाकीचे काढायचे. डोळकाडी ज्या झाडाची घ्यायची तेही उन्हाळ्यात छाटलेलं असावं लागतं, तरच टपोऱ्या डोळ्यांच्या ताज्या फांद्या मिळतात. म्हणजे झाड निवडायचं हिवाळ्यात, चव जिभेवर असताना, कापायचं उन्हाळ्यात, भरायचं पावसाळ्यात. हिवाळ्यात निवडलेलं झाड जूनपर्यंत विसरतं, म्हणून मी फांदीला चिंधी बांधून ठेवतो.

डोळकाडीवरचं पान काढायचं पण देठ ठेवायचा. काटे मोडायचे. डोळ्याभोवती चौकोनी साल धारदार चाकूनं उचलायची, फुटव्यावरची तेवढीच साल काढून तिथं ती बसवायची आणि डोळा उघडा ठेवून प्लास्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधायची. हे सगळं साल सुकायच्या आत. आठवडा-दोन आठवड्यांनी राखलेला देठ बोटानं हलवून पाहायचा. हात लावताच गळून पडला तर डोळा जिवंत. तिथंच वाळून चिकटून बसला तर मेला. डोळा फुटून वाढीला लागला की त्याच्या वरचा फुटवा कापायचा.

हे सारं जागेवरच करायचं, कारण बोरीचं सोटमूळ लहानपणीच खोल जातं आणि रोप उपटून लावलं तर ते दुखावतं. नवा खुंट हवा असेल तर आठोळ्या मिठाच्या दाट पाण्यात टाकायच्या, तरंगतील त्या फेकायच्या, बुडतील त्या जागेवरच पेरायच्या. कवच अलगद फोडून पेरलं तर उगवण लवकर होते.

महाराष्ट्रात 1990 साली रोजगार हमीला जोडून फळबाग लागवडीची योजना आली, तिच्यात बोर होतं. सोलापूर, नगरकडच्या कोरडवाहू जमिनीत उमराण, कडाका, चमेली यांच्या बागा उभ्या राहिल्या. जळगावच्या मेहरूणच्या बोरांचं नाव तर त्याआधीपासूनचं. आता बाजारात अ‍ॅपल बोर आलं आहे: मोठं, पाणीदार, झाडाला काटे जवळपास नाहीत. या जातींशी माझं भांडण नाही. उमराणही मुळात बियांमधून आपोआप आलेलं, कुणाच्या तरी जिभेवर उतरलेलं एक झाडच असणार. फरक एवढाच, की त्याला डोळा भरणारा माणूस वेळेवर भेटला. आमच्या नाल्यावरच्या बोरीला तो भेटायचा राहिला, एवढ्यावरून तिला रानटी आणि त्याला जातिवंत म्हणणं मला पटत नाही.

शिवाय खाण्याचं म्हणाल, तर एका जातीनं भागत नाही. कार्तिकी एकादशीला नि तुळशीच्या लग्नाला देवापुढं बोर, आवळा, ऊस ठेवायचा असतो, तेव्हा लवकर पिवळी पडणारी बोरी लागते. भोगीच्या भाजीत हरभऱ्याच्या घाट्यांबरोबर टाकायला गद्दर, थोडं तुरट बोर हवं; पिकलेलं विरघळून जातं. संक्रांतीनंतर लेकराचं बोरन्हाण करतात, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओततात आणि आजूबाजूची पोरं ते लुटतात. त्याला लहान, हलकं, गावठी बोरच पाहिजे. अ‍ॅपल बोर ओतलं तर लेकराला टेंगूळ येईल. वाळवायला पिठाळ गराचं झाड बरं. छतावर वाळवून, उखळात कुटून, चाळून, मीठ-साखर घातली की बोरकूट होतं, आणि शाळेबाहेर ते पुडीतून विकलं जातं. नुसतं खायचं तर फळ लालसर होऊन सालीला सुरकुती पडलेलं, उन्हानं थोडं कोमट झालेलं, झाडाखालीच. फक्त दोन बोटांनी फोडून, आत पाहून. अंधारात बोर खाणाऱ्याला आपण काय काय खाल्लं ते कळत नाही.

एवढ्या कामांना एवढी वेगवेगळी झाडं लागतात, आणि ती सगळी धुऱ्यावर आहेत. पण धुराच आता आक्रसत चालला आहे. वाटण्या होतात, दोन ओळी जास्त निघाव्यात म्हणून धुरा कोरला जातो. जेसीबी अर्ध्या दिवसात बांध साफ करून देतो. राहिलेल्यावर तणनाशक पडतं आणि कुपाटीच्या जागी तार येते. शेतकऱ्याला मी दोष देत नाही. बोरीच्या सावलीत कापसाच्या एक-दोन ओळी दबतात, हे खरंच आहे, आणि ज्याचा संसार कापसावर आहे त्याला त्या ओळी दिसणारच. पण जेसीबी बोलावण्याआधी एक हिवाळा थांबावं. वेचणीच्या बायांना विचारावं, यातली कोणती ठेवू? त्या एका दमात सांगतील. ते झाड वाचवणं जमणार नसेल तर त्याची हातभर डोळकाडी ओल्या फडक्यात गुंडाळून दुसऱ्या धुऱ्यावर न्यावी. चवीला जागा फार लागत नाही.

माझ्या मुलाला अ‍ॅपल बोर लावायचं आहे. वणीच्या बाजारात ते विकलं जातं, गावठी बोर गिलासानं मोजून चिल्लर आणतं, हे त्याचं म्हणणं रास्त आहे. त्याला मी सांगितलं, लाव. पण रोपं विकत आणू नको, धुऱ्यावरच्या खुंटावर भर. मूळ इथल्या मातीत आधीच खोल गेलेलं आहे. आणि प्रत्येक खुंटावर एक फुटवा मूळचा राहू दे. कृषीच्या पुस्तकात याच्या उलट लिहिलंय, रानफुटवा दिसताच काढावा. बरोबरच लिहिलंय. मोकळा सोडला तर रानफुटवा जोर करतो आणि भरलेला डोळा मागं पडतो. म्हणून दर वैशाखात त्याला आखूड करावं लागेल, दर वर्षी, न चुकता. मुलगा म्हणतो हा नसता उपद्व्याप आहे. असेल. पण विकायच्या फांद्या आणि खायची फांदी एकाच झाडावर ठेवायची तर कोयता हातात घेऊन उन्हात उभं राहणारं कुणीतरी दर वर्षी लागणारच, आणि सध्या तरी तो मी आहे.