कालवांवर टाकलेला नांगर

नांगर म्हटलं की घाटावरच्या माणसाला शेत आठवतं आणि कोकणातल्या माणसाला होडी. कच्छच्या खाड्यांत बोटीवर माझी ड्यूटी लागली, तेव्हा आमच्यातला साताऱ्याचा हवालदार म्हणाला, "तुझं बरंय बाबा, तू पाण्यातलाच." मलाही तसंच वाटलं होतं. आचऱ्याच्या खाडीकाठी वाढलो, बाबांच्या होडीत बसून वल्हं मारायला शिकलो. नांगर टाकणं ही काय शिकायची गोष्ट? ती मी तिथे एका रात्रीत शिकलो. त्या रात्रीबद्दल आजवर लिहिलं नव्हतं.

आधी जागा सांगतो. ठाण्याचं आणि नाळेचं नाव सांगत नाही, कारण फौजी वाचकांना माहीत आहे. लखपतच्या पलीकडे जमीन संपते आणि चिखल सुरू होतो. लखपत एके काळी भरभराटीचं बंदर होतं. 1819 च्या भूकंपात उत्तरेला अल्लाबंद नावाचा उंचवटा वर आला, सिंधूच्या फाट्याचं पाणी अडलं आणि बंदर ओस पडलं. आज तिथे मोठा कोट आहे आणि आत मोजकी घरं. पश्चिमेला सर क्रीक, सुमारे 96 किलोमीटर लांब. हद्द खाडीच्या मधून की पूर्वेच्या काठावरून, हा वाद 1914 च्या एका ठरावाच्या अर्थावरून आजही चालू आहे. कागदावर रेघ आहे, पाण्यात नाही. म्हणून दोन्ही बाजूंचे मच्छीमार चुकून पलीकडे जातात आणि तुरुंगात वर्षं काढतात. अशा पाण्यात बोट वाहून गेली, तर ती फक्त बोट राहत नाही.

चोहीकडे तिवरांची झाडी. तिकडे तिला चेर म्हणतात. पाणी चहासारखं गढूळ, तळ दिसत नाही. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. एकादशीला सव्वाआठ, हे पोरांनाही पाठ. ते गणित कच्छात जसंच्या तसं चालत नाही, शिवाय खाडीत जितकं आत जावं तितकी भरती उशिरा पोहोचते. तिथे तक्ता आणि स्वतःची वही, दोन्ही लागतात.

आमच्या उस्तादांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, "पानी कितना है मत बताओ. छह घंटे बाद कितना होगा, वो बताओ." दोरीचा हिशेब असा. ओहोटीला दोन मीटर पाणी असलं आणि भरतीला पाच होणार असलं, तर पाच धरायचे. त्यात बोटीच्या नाळेची पाण्यावरची उंची, समजा एक मीटर, मिळवायची आणि सहाला पाचने गुणायचं. तीस मीटर दोरी सोडायची, ओढ जास्त असली तर आणखी. दोरी लांब असली की नांगरावरची ओढ आडवी येते आणि तो चिखलात रुततो. आखूड असली की ओढ वरून येते आणि नांगर उपटला जातो.

दुसरी गोष्ट तळ ओळखायची. खोली मोजायच्या शिशाच्या वजनाला खालून खळगा असतो, त्यात उस्ताद ओला साबण दाबून भरायला लावत. शिसं वर आलं की साबणाला चिखल लागलाय, वाळू लागलीये की शिंपल्यांचा चुरा, ते दिसतं. तिथला मच्छीमार हेच बांबूने करतो. चिखलात बांबू मुकाट आत जातो, कालवांवर टेकला तर खर्रकन वाजतो.

कालवं चिखलात कुठून येतात, असं घाटावरचा वाचक विचारेल. त्यांना चिकटायला काहीतरी कठीण लागतं. एखादं बुडालेलं लाकूड, जुने शिंपले पुरतात. मग कालवावर कालव चढत जातं, कडा वर करून, आणि काही वर्षांत पाण्याखाली सुऱ्यांचा ढीग तयार होतो.

त्या रात्री उस्ताद दुसऱ्या बोटीवर होते. आमच्या बोटीवर आम्ही चौघे आणि जबाबदारी माझी. रात्री आठच्या सुमारास, भरती पुरी व्हायच्या आधी, एका अरुंद नाळेत नांगर टाकला. शिसं सोडलं, पाच मीटर. साबण लावला नाही. डबा खाली कुठेतरी होता, अंधार झाला होता, आणि चिखलाशिवाय तिथे असणार काय, असं मी धरून चाललो. दोरी बरोब्बर तीस मीटर सोडली. तेवढंच मला येत होतं.

भरती थांबली, ओहोटी लागली आणि बोट नांगराभोवती फिरून उलट्या दिशेला तोंड करून उभी राहिली. हे होणारच असतं. पण बोट फिरताना दोरीही तळावरून फिरते, हे मी लक्षात घेतलं नाही. नांगराला साखळी होती जेमतेम दीड मीटर, पुढे नुसती नायलॉनची दोरी. एक वाजता पहाऱ्यावर मी होतो. दोरीवर हात ठेवला तर बारीक खरखर लागली. नांगर बसतोय, असं मनाशी म्हटलं. खरं तर मला तेव्हाच शंका आली होती. चौघांना उठवून नांगर उचलायचा, जागा बदलायची, याचा कंटाळा केला.

अर्ध्या तासाने दोरी हातात सैल आली. वजनच नव्हतं.

ओहोटी पूर्ण जोरात होती आणि ती आम्हाला मोठ्या खाडीच्या तोंडाकडे नेत होती. ओबीएम सुरू केलं, दोन मिनिटं चाललं आणि पंखा कशावर तरी आपटून पिन तुटली. इंजिन गरगरत होतं, पंखा थांबलेला. दुसरा नांगर पाण्याच्या कॅनखाली, त्याची दोरी गुंडाळी करून ठेवलेली, टोक बोटीला बांधलेलं नाही. ते टोक बांधताना माझी बोटं थरथरत होती. एकाने वायरलेसवर खबर दिली, दोघे वल्ह्यांनी बोट काठाकडे रेटत होते. नांगर टाकला, घसरत गेला, पुन्हा घसरला, मग धरला. तोंड तिथून काही शे मीटरवर होतं. पलीकडचं पाणी चांदण्यात दिसत होतं.

पुढे पाणी उतरलं आणि बोट चिखलात बसली. भरती येईपर्यंत आम्ही कलत्या बोटीत पडून होतो. कोणी मला काही बोललं नाही. ते जास्त लागलं.

उजाडता उजाडता पिन बदलली. भरतीबरोबर परत निघालो तेव्हा वाटेत तो ढीग दिसला, अजून थोडा उघडा होता. राखाडी, ओला, कडा वर. रात्री त्याच्यावर पुरुषभर पाणी होतं. बोटीकडे उरलेलं दोरीचं टोक मी पाहिलं. अर्धे पेड सुरीने कापल्यासारखे साफ, उरलेले पिंजलेले.

ठाण्यावर उस्तादांनी ते टोक हातात घेतलं आणि एकच विचारलं, "साबुन लगाया था?"

"नहीं, उस्ताद."

त्यांनी ते टोक बोटींच्या शेडमध्ये खिळ्याला अडकवलं. माझी तिथली ड्यूटी संपेपर्यंत ते तिथेच होतं. नवीन आलेल्याला त्याची गोष्ट मीच सांगायची, हा त्यांचा हुकूम.

सुट्टीत घरी गेल्यावर हे आईला सांगितलं. आई आयुष्यभर ओहोटीला कालवं काढायला गेली. तळपायांवर जुने वण आहेत. मी लहानपणी मागे लागलो की ती म्हणायची, "कालवांर पाय टाकू नुको, ठेव." तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "मगे, ओहोटीक थंय जावन बगलंस नाय?"

तिथेच मी चुकलो होतो. बाबांच्या होडीतून मी खाडी नेहमी वरून पाहिली. तिचा तळ आईला माहीत होता, आणि आईचं काम हे खाडीचं ज्ञान आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं.

त्यानंतर नवीन नाळेत मुक्काम करायचा तर आधी ओहोटीला फेरी मारून कालवांचे ढीग वहीत मांडायचो. साखळी वाढवून घेतली. अरुंद जागी दोन नांगर, एक वरच्या अंगाला, एक खालच्या, दोन्ही दोऱ्या नाळेलाच, म्हणजे ओढ बदलली तरी बोट जागच्या जागी फिरते. नांगराच्या बुडाला वेगळी बारीक दोरी आणि तिला रिकामा कॅन, म्हणजे नांगर अडकला तर उलटा ओढून सुटतो. दुसरा नांगर कायम वर, टोक बांधलेलं.

आणि दोरीला खरखर लागली की सगळ्यांना उठवायचं. झोपमोड झाली म्हणून शिव्या पडतात, त्या खाव्यात.

जय हिंद.