सिदी सय्यदची जाळी आणि ओढवची भट्टी

अहमदाबादला आलेला पाहुणा लाल दरवाजाजवळच्या सिदी सय्यद मशिदीपाशी थांबतोच. १५७२-७३ मध्ये बांधलेल्या या छोट्या मशिदीच्या कमानींत दगडी जाळ्या आहेत. एका जाळीतलं झाड आणि त्याच्या गुंतलेल्या फांद्या पाहून हा दगड आहे यावर विश्वासच बसत नाही. आयआयएम अहमदाबादचं बोधचिन्हही या जाळीवरूनच सुचलं.

हेच झाड आता इथल्या फ्लॅटमध्येही भेटतं. कधी देवघरामागे, कधी हॉल आणि डायनिंगच्या मधल्या पार्टिशनमध्ये. फरक एवढाच, की दगडाऐवजी लेझरने कापलेला एक-दीड मिलिमीटरचा पत्रा आणि त्यावर पावडर कोटिंगचा काळा किंवा सोनेरी रंग.

मणिनगरच्या माझ्या मावशीने वॉशबेसिनजवळ असंच लोखंडी पार्टिशन बसवून घेतलं होतं. एकाच पावसाळ्यात पानांच्या कडांना गंज चढला, रंगाचे पापुद्रे निघू लागले. साठवलेले पैसे वाया गेले. दुसरं करायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, “आता दुकानात नाही, रंग लागतो तिथेच जायचं.” म्हणून आम्ही रिक्षाने ओढव जीआयडीसी गाठली.

कारखान्यात शिरल्यावर आधी रंग दिसतच नाही. दिसतात ओळीने मांडलेल्या टाक्या. एकीत पत्र्याचं तेल निघतं, दुसरीत गंज, पुढे फॉस्फेटचा पातळ थर बसतो. मध्ये मध्ये साध्या पाण्याने धुणं. हा थर नीट बसला तरच वरचा रंग टिकतो.

मावशीने जुन्या पार्टिशनचा फोटो दाखवला. मालकांनी तो मोठा करून फक्त कडा पाहिल्या. लेझर कटिंगला ऑक्सिजन वापरला की कडेवर ऑक्साइडची खपली धरते. ती घासून काढली नाही, तर रंग पत्र्याला न चिकटता खपलीला चिकटतो. खपली सुटली की रंगही सुटतो. त्यात धारदार कडेवर रंगाचा थर मुळातच पातळ बसतो. आणि जाळीत तर कडाच कडा!

रंगाच्या बूथमध्ये पॅनेल हुकला टांगलेलं होतं. गनमधून कोरडी भुकटी निघते, तिला विद्युतभार मिळतो आणि अर्थिंग केलेल्या पत्र्याकडे ती ओढली जाते. हुकवर जुना रंग साचला असेल, तर अर्थिंगच नीट होत नाही. नक्षीच्या आतल्या कोपऱ्यांत भुकटी सहज शिरत नाही, तिथे कारागिराचा हात लागतो. त्याच्या पापण्यांवरही सोनेरी भुकटी होती. तोंडाला मास्क होता, हे पाहून बरं वाटलं.

मग भट्टी. साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला दहा-पंधरा मिनिटं. भुकटी वितळते, पसरते आणि कडक होते. थराची जाडी साधारण ६० ते ८० मायक्रॉन, म्हणजे जवळपास केसाएवढी. पातळ पत्रा लवकर तापतो. जास्त वेळ राहिला तर फिका रंग पिवळट पडतो, टांगणं चुकलं तर पॅनेल वाकतं.

मालकांचा सल्ला होता, की पाण्याजवळ लोखंड नकोच, ॲल्युमिनियम घ्या. ते महाग पडतं. मावशीने तिथेच उभ्या उभ्या हिशेब केला, पार्टिशन एक फुटाने लहान केलं आणि ॲल्युमिनियमच सांगितलं.

तुम्हीही असं पॅनेल करून घेणार असाल, तर रंगाचं कॅटलॉग उघडण्याआधी तीन प्रश्न विचारा. कापल्यावर कडा घासल्या का? रंगाआधी पत्रा कोणकोणत्या टाक्यांतून गेला? मागच्या बाजूलाही पूर्ण कोटिंग आहे का? घरी आल्यावर पुसायला मऊ ओलं फडकं पुरे. तारेची घासणी मात्र लांबच ठेवा.