‘पुट ऑफ’ आणि ‘कॉल ऑफ’ यांतला फरक

आपल्या वस्तीतल्या मुलांना इंग्रजीवरून नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. आता ‘नावे ठेवणे’ यात कोण कुठले नाव कुठे ठेवतो? तरी दुसरीतल्या पोराला अर्थ कळतो, कारण त्याने ते घरात ऐकलेले असते. इंग्रजीतली फ्रेझल व्हर्ब्ज अशीच. साध्या क्रियापदाला ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ असा छोटा शब्द चिकटला की अर्थ भलतीकडेच जातो. ज्यांच्या घरात इंग्रजी बोलतात त्यांना ती आपसूक मिळतात. आमच्या विहारातल्या संध्याकाळच्या वर्गाला मिळते गाईडमधली यादी. रात्री पाठ, सकाळी सपाट.

हा नुसता मार्कांचा प्रश्न नाही. वर्गातल्या एका मुलीला फोन आला : मुलाखत ‘पुट ऑफ’ झाली आहे. ऑफ म्हणजे बंद, असे समजून तिने नंतर मेल उघडलाच नाही. नवी तारीख त्यात होती. ती मुलगी पदवीधर आहे, आणि तिच्या ‘गुणवत्ते’वर बोट ठेवणाऱ्यांना हे सांगून उपयोग नाही.

तेव्हापासून आम्ही यादी बाजूला ठेवली आणि १९३६ सालची हकीकत घेतली. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांना परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलावले. भाषणाचा मजकूर त्यांना झेपेना. काटछाट करा म्हणाले. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलणार नाही असे कळवले. परिषद लांबणीवर टाकली असती तर ते ‘पुट ऑफ’. मंडळाने ती रद्दच केली, हे ‘कॉल ऑफ’. बाबासाहेब मागे हटले नाहीत, म्हणजे त्यांनी ‘बॅक डाउन’ केले नाही. भाषण स्वतःच पुस्तकरूपाने काढले, ते ‘ब्रिंग आउट’. चार क्रियापदे एका बैठकीत बसली आणि कुणी घोकले नाही.

‘लांबणीवर टाकणे’, ‘मागे घेणे’, ‘अंगावर येणे’ हे आपण रोज बोलतो, तेव्हा ही रीत आपल्याला परकी नाही. परकी आहे ती शब्दांची जागा. ‘पुट ऑफ द मीटिंग’ आणि ‘पुट द मीटिंग ऑफ’ दोन्ही चालतात. पण ‘इट’ आला की तो मध्येच बसतो : ‘पुट इट ऑफ’. ‘पुट अप विथ’, म्हणजे मुकाट सोसणे, हे मात्र असे फोडता येत नाही.

पुढच्या आठवड्यात ‘लुक डाउन ऑन’ घेणार आहोत. म्हणजे हलके लेखणे. उदाहरणे मुलेच आणणार आहेत.