तुटक रेघ

माझं पहिलं गाजलेलं चित्र चुकीचं होतं, हे ओळखायला काकांना अर्धं मिनिटही लागलं नाही. तोवर ते चित्र इंटरनेटवर शेकडो लोकांनी पाहिलं होतं, वाहवा केली होती, आणि मी स्वतःला चित्रकार समजायला लागलो होतो.

२००५ साल. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी एम-थ्रीमध्ये, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात, दोनदा गटांगळ्या खाऊन, वायडी लागून, म्हणजे वर्ष वाया जाऊन, मी पुण्यात घरी बसलो होतो. वडील बोलायचे नाहीत, आणि ते जास्त लागायचं. मित्राचा जुना कॉम्प्युटर आणि त्यावरचं चोरीचं थ्री-डी सॉफ्टवेअर एवढीच माझी मिळकत. गुरुवारी वीज जायची, म्हणून बुधवारी रात्री रेंडर लावून झोपायचं आणि सकाळी दात न घासता आधी पडद्याकडे धावायचं. अशाच एका सकाळी ते चित्र तयार झालं: संध्याकाळचे ढग, जळत खाली जाणारं अमेरिकन बॉम्बर आणि त्याच्या अंगावरून झेपावणारं एक बुटकं, मागे झुकलेल्या पंखांचं जेट. फोके-वुल्फ टीए १८३.

हे विमान कधीच उडालं नाही. खरं म्हणजे ते बांधलंच गेलं नाही. जुलै १९४४ मध्ये, शहरांवर रोज बॉम्ब पडत असताना, जर्मन हवाई खात्याने नव्या लढाऊ विमानांसाठी तातडीची योजना काढली. हाइन्केलचं एचईएस ०११ हे नवं जेट इंजिन धरून फोके-वुल्फ, मेसरश्मिट, युंकर्स, हाइन्केल, ब्लोम उंड फॉस अशा कंपन्यांनी आराखडे दिले. इंजिनंच मुळात मोजकी तयार झाली. युद्ध संपलं आणि राहिले कागद. त्यांत काय नव्हतं? कोळशाच्या इंधनावर चालेल असं मानलेलं लिपिशचं त्रिकोणी पी. १३ए, पोटाभोवती तीन पंख गरगरा फिरवत सरळ वर चढणारं ट्रीबफ्ल्यूगेल, ऑयगेन झेंगर आणि इरेन ब्रेट यांनी कागदावर मांडलेलं, वातावरणाच्या वरच्या थरावर टप्पे खात जाणारं रॉकेट-विमान. युद्ध १९४६ पर्यंत चाललं असतं तर, अशी कल्पना करून या कागदांना रंग, ढग आणि वैमानिक देणारे चित्रकार जगभर आहेत. या प्रकाराला 'लुफ्ट ४६' म्हणतात.

नापास मुलाला याच्याइतकी सोयीची कला दुसरी नसेल. ज्या विमानाचा फोटोच नाही, त्याची चूक काढणार कोण?

आईने मात्र प्रिंट हातात दिली आणि म्हणाली, "वरच्या काकांना दाखव. ते विमानाच्या कारखान्यात होते." काका म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये १९५८ साली ट्रेसर म्हणून लागले आणि ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाले, एवढं आम्हांला ऐकून माहीत होतं. जिन्यात भेटले की 'काय, कसं चाललंय' यापलीकडे मी त्यांच्याशी कधी बोललो नव्हतो.

त्यांनी चष्मा लावला, कागद उजेडात धरला.

"चाकं कुठं जातात?"

"पंखात," मी ठोकून दिलं.

"आणि इंधन?"

याचा मी विचारच केला नव्हता. आराखड्याच्या टिपणात टाक्या पंखात आहेत असं वाचल्याचं अंधुक आठवलं. "तेही पंखातच, काका."

"म्हणजे चाक तेलात बुडवून ठेवणार?" ते हसले. ते हसणं टोचणारं नव्हतं. टेबलावरची एक लग्नपत्रिका उलटी करून त्यांनी कोऱ्या बाजूवर पंखाचा आडवा छेद काढला. किती पातळ आहे बघ, म्हणाले. मग शरीराचा छेद. त्यात इंजिनाचं वर्तुळ, पुढून हवा आत घेणारी नळी, वैमानिकाची खुर्ची, आणि उरलेल्या फटीत मिटलेलं चाक. "सेक्शन काढल्याशिवाय बाहेरची रेघ ओढायची नाही. बाहेरची रेघ आपण ठरवत नाही, आतल्या वस्तू ठरवतात."

त्या पत्रिकेचा तुकडा माझ्याकडे अजून आहे. दुसऱ्या बाजूला वधूवरांची अर्धी नावं आहेत.

त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं मी संध्याकाळी वर जात राहिलो. काकू चहा ठेवायच्या. मी कॉलेजात ड्रॉइंग शिकलो होतो म्हणजे काय, तर शीट पुढच्या बाकावरच्याकडून जीटी मारून, म्हणजे काचेखाली दिवा लावून उतरवली होती. ते काकांना कधी सांगितलं नाही. त्यांना पहिल्या आठवड्यातच कळलं असावं. त्यांनी मला पुन्हा पहिल्यापासून पेन्सिल धरायला लावलं. जे समोर दिसतं त्याला सलग रेघ. जे आड आहे, दिसत नाही पण आहे, त्याला तुटक रेघ. तुटक रेघ काढायची राहिलेलं ड्रॉइंग साहेब परत पाठवायचे, कितीही देखणं असलं तरी.

मी चित्राखाली 'मिग-१५ ची जननी' असं झोकात लिहिलं होतं. कुठंतरी वाचलेलं. काकांनी विचारलं, "दोन्हींचे सेक्शन शेजारी ठेवलेस?" ठेवले तेव्हा कळलं, साम्य बरंचसं लांबून बघणाऱ्याचं होतं. टीए १८३ चे आडवे शेपूटपंख उभ्या शेपटीच्या शेंड्यावर आहेत, मिगचे मध्यावर. आणि त्या सोव्हिएत मिगचं इंजिन ब्रिटनच्या रोल्स-रॉइस नीनवरून आलेलं. ती ओळ मी खोडली. आधी लिहिली होती याची लाज अजून वाटते, कारण ती वाचून आणखी चारजणांनी तेच लिहिलं.

एका रविवारी काका म्हणाले, "चल, तुझ्या विमानाचा भाऊ दाखवतो." मला वाटलं कुठंतरी लांब जायचंय. ते मला एरंडवण्यातल्या कमला नेहरू उद्यानात घेऊन गेले. तिथं उभं असलेलं विमान मी लहानपणापासून बघत होतो. घसरगुंडीवर नंबर लागेपर्यंत वेळ काढायची ती जागा. ते एचएफ-२४ मारुत आहे, भारतात आराखडा झालेलं पहिलं जेट लढाऊ विमान आहे आणि त्याच्या आराखड्याचे प्रमुख कुर्ट टँक, म्हणजे युद्धकाळात फोके-वुल्फचे मुख्य अभियंते होते, हे मला त्या दिवशी कळलं. टीए १८३ मधलं 'टीए' म्हणजेच टँक. त्यातला पंखांचा विचार मुख्यतः त्यांच्या हाताखालच्या हान्स मुल्टहोप यांचा. युद्धानंतर टँक अर्जेंटिनात गेले, तिथं त्याच वळणाचं पुल्की-दोन १९५० साली उडालं, आणि १९५६ मध्ये ते जर्मन सहकाऱ्यांसह बंगळूरला आले. मारुतचं आधी पूर्ण मापाचं लाकडी ग्लायडर करून उडवलं गेलं. १७ जून १९६१ ला खरं विमान उडालं.

कुंपणाबाहेर उभे राहून काका बोटाने हवेत रेघा ओढत होते. ज्या ताकदीचं इंजिन धरून हे काढलं होतं, ते मिळालंच नाही. कमी ताकदीच्या दोन ऑर्फियस इंजिनांवर भागवावं लागलं. शरीर आवाजाच्या दुप्पट वेगाच्या आशेने घडवलेलं, आणि आयुष्य आवाजाच्या अलीकडेच गेलं. तरी १४७ झाली, आणि १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या वाळवंटावर लढली. "टँकसाहेबांना मी दोनतीनदाच जवळून पाहिलं. आम्ही पोरं. आमचे साहेब घाटगे." डॉ. विष्णु माधव घाटगे, कोल्हापूरकडचे, गॉटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्याकडे डॉक्टरेट केलेले. मागे झुकलेल्या पंखांचा अभ्यास ज्या गावात झाला, तिथं आपला माणूस आधीच शिकून आला होता. माझ्या जर्मन ढगांमधून एक धागा असा थेट एरंडवण्यात निघाला.

इथवरचं सांगायला सोपं आहे. पुढचं नाही.

२००७ च्या सुमारास माझा हात बसला होता. छेद बरोबर येऊ लागले, रंगही: खालून फिकट निळा, वरून गडद हिरवा आणि तपकिरी-जांभळा, युद्धाच्या शेवटी जर्मन विमानांना द्यायचे तसे. मी हॉर्टेन बंधूंच्या न बांधलेल्या, सहा इंजिनांच्या बॉम्बरचं मोठं चित्र केलं. शेपूट नसलेला नुसता पंख, ढगांवरून न्यूयॉर्ककडे निघालेला. त्यावर नाझींचं वाकडं चिन्ह ठळक काढलं. आपल्या उंबरठ्यावर स्वस्तिक असतं, त्यामुळे की काय, ते चिन्ह काढताना माझा हात जराही अडखळला नाही. मला ते 'अस्सल' वाटत होतं.

काकांनी बराच वेळ चित्र पाहिलं. चाकांचं विचारलं नाही. शेवटी म्हणाले, "छान. बांधलं कुणी?"

"काका, हे बांधलंच नाही."

"बांधलं असतं तर. असल्या सांगाड्याला हात किती लागतात, मी पाहिलंय. ४५ साली जर्मनीत ते हात कुठले?"

उत्तर त्यांनी दिलं नाही. कदाचित त्यांनाही नीट माहीत नव्हतं. मी शोधायला लागलो आणि जे सापडलं ते मला आधी सापडायला हवं होतं. दोन वर्षं मी त्याच कारखान्यांची, त्याच कंपन्यांची कागदपत्रं चाळत होतो. पानं उलटून पुढं जात होतो. मेसरश्मिट २६२ चे सांगाडे ऑस्ट्रियात सांक्ट गेओर्गेनच्या डोंगराखालच्या बोगद्यांत गुसेन छळछावणीचे कैदी जोडत होते. हाइन्केल १६२ चं काम व्हिएन्नाजवळ हिंटरब्र्यूलच्या जिप्समच्या खाणीत माउटहाउजेन छळछावणीच्या उपछावणीतले कैदी करत होते. नॉर्डहाउजेनजवळच्या मिटेलबाउ-डोरा छावणीत सुमारे ६० हजार माणसं नेली गेली. सुमारे २० हजार मेली. माझी विमानं बांधली गेली असती, तर ती याच बोगद्यांत बांधली गेली असती. जे बांधलं गेलं नाही त्यात कुणाचं काय गेलं, असं मी समजत होतो. ज्यांनी उपासमारीत रिवेट मारले असते, त्यांची युद्ध लवकर संपल्यामुळे सुटका झाली, हे गणित मी कधी मांडलंच नव्हतं. 'युद्ध आणखी चाललं असतं तर' हा माझ्या चित्रांचा आवडता मथळा होता.

वर गेलो आणि जे वाचलं ते काकांना सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "आम्ही कधी विचारलं नाही रे. शिकायचं होतं आम्हांला." त्यानंतर चहा येईपर्यंत कुणी बोललं नाही. टँकसाहेबांचं नाव ते नंतरही आदराने घ्यायचे, पण त्या दिवसानंतर नाव घेतल्यावर जरा थांबायचे. मला विद्या काकांकडून मिळाली, काकांना ज्यांच्याकडून मिळाली त्यांचा कारखाना त्या काळात, त्या राज्यात चालला होता. या ऋणातून काही वजा करून ते स्वच्छ करता येईल का, याचा मी पुष्कळ विचार केला. मला ते जमलेलं नाही.

ते चित्र मी काढून टाकलं. काहींनी विचारलं, राजकारण कशाला आणतोस? चिन्ह पुसलं म्हणून इतिहास बदलतो का? प्रश्न चुकीचा नव्हता. चिन्ह पुसून तेवढ्यावर निभावणं हीही एक लबाडीच आहे. मी चिन्ह पुसण्यापेक्षा विजयी प्रसंग काढणं सोडलं.

पुढं मी इंजिनिअरिंग पूर्ण केलं नाही. भोसरीतल्या कारखान्यांसाठी यंत्रांच्या माहितीपुस्तकांतली चित्रं काढतो: पंप उघडून दाखवलेला, झडपा सुट्या करून मांडलेल्या. त्यावर घर चालतं. हे काम मिळालं ते चाचणीच्या दिवशी मी पंपाचा छेद आधी काढला आणि बाहेरचं रूप नंतर, म्हणून. तिथल्या साहेबांनी विचारलं, कुठं शिकलात? मी काकांचं नाव सांगितलं. त्यांना अर्थातच ते माहीत नव्हतं.

काका २०१४ मध्ये गेले. काकूंनी त्यांची पेटी मला दिली: पिवळे पडलेले सेट स्क्वेअर, फ्रेंच कर्व्ह, एक स्केल, आणि ब्लेडने टोक काढलेल्या सहा पेन्सिली.

गेली काही वर्षं मी एकच चित्र करतो आहे. मेसरश्मिट पी. ११०१. या सगळ्या कागदी विमानांमध्ये प्रत्यक्षात आकाराला येऊ लागलेलं हे एक. २९ एप्रिल १९४५ ला अमेरिकन सैनिक बव्हेरियातल्या ओबरआमरगाऊ गावी पोचले, तेव्हा ते तिथं सुमारे ८० टक्के तयार होतं. पंख अजून जोडलेले नव्हते. पंखांचा कोन जमिनीवर असताना बदलता येईल अशी त्याची रचना होती; पुढं अमेरिकेत बेल कंपनीने त्याचा अभ्यास करून उडता उडता कोन बदलणारं एक्स-५ केलं, ते १९५१ साली उडालं. मूळ पी. ११०१ कधीच उडालं नाही. मी ते तसंच काढलं आहे: बिनरंगाचं, अर्धवट, जमिनीवर. पंख बाजूला. कामगार कसे दाखवावेत ते मला साधलेलं नाही, म्हणून चित्र अजून पुरं झालेलं नाही.

मागच्या महिन्यात प्रिंट घेऊन वर गेलो. काकूंना आता कमी दिसतं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, "चाकं नीट बसतात ना रे?"

बसतात काकू, म्हटलं. सेक्शन काढून पाहिलाय.