काचेचा धागा आणि स्वस्तातला स्विच

आमच्या प्रयोगशाळेच्या दोन इमारतींत साधारण ४०० मीटर अंतर आहे. तांब्याच्या इथरनेट केबलची मर्यादा १०० मीटर, म्हणून जमिनीखालून सिंगल-मोड फायबर टाकलेलं होतं. प्रश्न होता दोन्ही टोकांच्या स्विचचा. इथे अमेरिकेत संशोधक विद्यार्थ्यांचा उन्हाळ्याचा पगार बऱ्याचदा प्रकल्पाच्या अनुदानातूनच निघतो, आणि विक्रेत्याने सांगितलेल्या आकड्यात तो सहज बुडाला असता.

तुम्ही म्हणाल, स्वस्त घेतलं की वेग कमी. तसं नसतं. फायबरमध्ये प्रकाश सोडण्याचं काम स्विचच्या एसएफपी खाचेत बसणारं बोटाएवढं मॉड्यूल करतं. सिंगल-मोडचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. त्याला १३१० नॅनोमीटरचं एलएक्स मॉड्यूल लागतं. बाजारातली बहुतेक १० किलोमीटरपर्यंत पोचतात. ८५० नॅनोमीटरचं एसएक्स आणखी स्वस्त, पण ते मल्टिमोडसाठी.

म्हणून आम्ही आठ पोर्ट, दोन एसएफपी खाचा असलेले बिनपंख्याचे साधे गिगाबिट स्विच घेतले. आधी एकच गोष्ट विचारून घेतली: दुसऱ्या कंपनीचं मॉड्यूल चालतं का? काही स्विच फक्त आपल्याच कंपनीचं ओळखतात, आणि मग स्वस्ताईचा हिशेब तिथेच फसतो. वाचलेल्या पैशांत एक विद्यार्थी उन्हाळाभर कामावर राहिला.

अशा कामात खरा खर्च खोदण्याचा. उद्या १० गिगाबिट हवं झालं, तर टोकाची यंत्रं बदलायची; जमिनीतली काच तीच राहते.