सातपुड्याच्या पायथ्याशी तिबेटी

तिबेटातल्या शालू मठाचे पंडित बुतोन यांनी 1322 साली बौद्ध धर्माचा इतिहास लिहून पुरा केला. त्यात आचार्य नागार्जुनाची हकीकत येते आणि ती सुरू होते विदर्भात. एक सधन ब्राह्मण, घरात सगळं आहे पण मूल नाही. स्वप्नात दृष्टांत होतो की शंभर ब्राह्मणांना जेवू घाल, मुलगा होईल. मुलगा होतो, पण जाणकार सांगतात, याचं आयुष्य सातच दिवसांचं. दानधर्माने ते लांबतं, तरी सात वर्षांपलीकडे जात नाही. सातवं वर्ष भरत आलं तसं, पोराचं मरण डोळ्यांदेखत नको म्हणून आईबाप त्याला गडी सोबत देऊन घराबाहेर पाठवतात. पोर फिरत फिरत नालंदेच्या दाराशी पोचतं, तिथे मृत्यू टळतो, दीक्षा होते आणि पुढे तेच शून्यवादाचं आचार्यपद मिळवतं.

मी या कथेला जन्मदाखला मानत नाही. नागार्जुन दक्षिणेकडचे, इथवर जुन्या परंपरा बऱ्यापैकी जुळतात. नेमकं गाव कोणतं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. हिमालयापलीकडच्या मठात बसून लिहिणाऱ्या माणसाला विदर्भाचं नाव ठाऊक होतं, आणि आपल्या सगळ्यात मोठ्या आचार्याचं घर त्याने तिथे दाखवलं.

मी जळगाव जामोदचा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णेचा खारपाणपट्टा, मध्ये कपाशी, सोयाबीन आणि अक्षय्य तृतीयेला भेंडवळच्या घटमांडणीकडे डोळे लावून बसणारी गावं. पुण्यात संस्कृत शिकताना तिबेटीची गोडी लागली, सारनाथला राहून ती पक्की केली आणि पुढची नोकरीची वर्षं ती शिकवण्यात गेली. आता गावी परतलो आहे. नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीला मेजरच्या जोडीला मायनर विषय आला, तेव्हापासून ओळखीचे प्राध्यापक विचारतात, ‘सर, तिबेटी मायनर म्हणून ठेवता येईल का? पण आपल्या भागाचा आणि तिबेटीचा संबंध काय?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं आहे. दुसऱ्याचं उत्तर एका वाक्यात मावत नाही, म्हणून हा लेख.

संबंध दाखवायचा तर मी पहिल्यांदा ‘सुहृल्लेख’ पुढे ठेवतो. नागार्जुनाने आपल्या मित्राला, एका राजाला लिहिलेलं हे पद्यमय पत्र. श्लोक सव्वाशेच्या आसपास. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्षू इत्सिंग हा राजा सातवाहन असल्याचं सांगतो. तो हेही लिहितो की भारतातले विद्यार्थी शिक्षणाच्या सुरुवातीलाच हे पत्र पाठ करतात. म्हणजे एके काळी या देशातल्या पोरांच्या तोंडी असलेला मजकूर! पुढे त्याचं मूळ संस्कृत आपल्याकडून गेलं आणि जगाला हे पत्र कळलं ते तिबेटी आणि चिनी अनुवादांतून. पैठणच्या गादीवरच्या राजाला उद्देशून लिहिलं गेल्याचं परंपरा सांगते, ते पत्र मराठी माणसाला वाचायचं तर ल्हासाच्या लिपीतून वाचावं लागतं. राजाला त्यात दान, संयम, वाणी, संगत यांबद्दल सांगितलं आहे. लाभ-हानी, निंदा-स्तुती यांत मन सारखं ठेव म्हणून बजावलं आहे. सूर दरबारी नाही. मित्राने मित्राशी बोलावं तसा आहे, आणि तो तिबेटीतही टिकला आहे.

एवढ्यावर भागत नाही. दंडीच्या ‘काव्यादर्शा’त काव्याचे दोन मार्ग सांगितले आहेत, वैदर्भ आणि गौडीय. श्लेष, प्रसाद, समता, माधुर्य अशा दहा गुणांना दंडी वैदर्भ मार्गाचे प्राण म्हणतो. हा ग्रंथ तेराव्या शतकात साक्य मठाच्या परंपरेत पंडित लक्ष्मीकर आणि शोंगतोन लोचावा यांनी तिबेटीत आणला. त्यानंतर तिबेटात कविता लिहू पाहणाऱ्या प्रत्येक शिकलेल्या माणसाला तो पढावा लागला. पाचव्या दलाई लामांनी त्याच्यावर टीका लिहिली. विदर्भाच्या नावाची काव्यरीती याक चारणाऱ्यांच्या देशात शतकानुशतकं अभ्यासक्रमात होती, आणि आमच्या वऱ्हाडातल्या साहित्याच्या विद्यार्थ्याला याचा पत्ताही नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मग ‘मेघदूत’. यक्षाचा रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, हे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी नागपुरात बसून नेटाने मांडलं. त्या मेघदूताचा तिबेटी अनुवाद चौदाव्या शतकात झाला आणि तेंग्युर या शास्त्रग्रंथांच्या महासंग्रहात जाऊन बसला. बौद्ध शास्त्रांच्या दोनशेहून अधिक पोथ्यांत कालिदासाचं विरहकाव्य का ठेवलं, तर भाषा आणि काव्य ही विद्या शिकल्याशिवाय पंडित पुरा होत नाही, अशी त्यांची धारणा होती. हरमान बेख या जर्मन विद्वानाने 1907 साली हा अनुवाद संपादित केला. त्याच न्यायाने वाग्भटाचं ‘अष्टांगहृदय’ही तेंग्युरमध्ये आहे; अकराव्या शतकातले महान अनुवादक रिन्छेन सांगपो यांचा त्यात हात होता. आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याला मूळ संस्कृत पाठ असतो, त्यामुळे तिबेटी पान समोर ठेवलं की ओळीला ओळ जुळवत तो झपाट्याने पुढे जातो.

महाराष्ट्राने हे काम पूर्वी केलेलं आहे, आणि तेही पहिल्या दर्जाचं. प. ल. वैद्यांनी पॅरिसमध्ये आर्यदेवाच्या ‘चतुःशतका’वर अभ्यास केला, 1923 साली छापलेल्या त्या ग्रंथात त्यांनी उत्तरार्धाच्या हरवलेल्या कारिका तिबेटीवरून पुन्हा संस्कृतात उभ्या केल्या. पु. वि. बापटांनी 1937 साली पुण्यात ‘विमुत्तिमग्ग’ आणि ‘विसुद्धिमग्ग’ यांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातला पहिला ग्रंथ पूर्ण रूपात फक्त चिनीत उरला आहे, आणि त्याच्या धुतगुणांवरच्या प्रकरणाचा तिबेटी पाठही बापटांनीच पुढे संपादित केला. वा. वि. गोखल्यांनी राहुल सांकृत्यायनांनी तिबेटातून आणलेल्या छायाचित्रांवरून वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’च्या मूळ कारिका 1946 साली छापल्या. दामोदर धर्मानंद कोसंबींच्या साथीने त्यांनी विद्याकराचा ‘सुभाषितरत्नकोश’ संपादित केला, तो 1957 साली हार्वर्डच्या मालेत निघाला. त्याचीही ताडपत्रं तिबेटातल्या ङोर मठाने सांभाळली होती. आजच्या पिढीत श्रीकांत बहुलकरांनी सारनाथच्या दुर्मीळ बौद्ध ग्रंथ विभागात काम केलं. लता देवकरांनी अमरकोशावरच्या सुभूतिचंद्राच्या ‘कविकामधेनु’ टीकेचं संस्कृत आणि तिबेटी मिळून संपादन केलं. ही सगळी माणसं संस्कृत-पालीच्या पायावर उभी होती आणि तिबेटी त्यांनी जोडविषय म्हणूनच उचलली. मायनर हा शब्द नवा असला तरी आपल्याकडे तिबेटीची रीत नेहमी हीच राहिली आहे, आणि मला ती योग्य वाटते. निव्वळ तिबेटी शिकून मराठी मुलगा अधांतरी राहील. संस्कृत, पाली, इतिहास, तत्त्वज्ञान नाहीतर आयुर्वेद यांपैकी एकाचा पाया असला की तिबेटी त्या विषयाची ताकद वाढवते.

आता शिकण्याचं. मराठी मुलाला लिपी जड जात नाही. ती ब्राह्मीच्याच कुळातली, तिबेटी परंपरेप्रमाणे थोन्मी संभोट यांनी सातव्या शतकात बसवलेली. अक्षरं तीस, स्वरचिन्हं चार. क ख ग ङ हा क्रम तोच. घ, झ, ध, भ नाहीत. एका जागी तर मराठी मूल हिंदी मुलाच्या पुढे असतं. आपण ‘चमचा’ आणि ‘चार’ यांतले च वेगळे उच्चारतो, ‘जग’ आणि ‘जीव’ यांतले ज वेगळे; देवनागरीत मात्र दोन्ही सारखेच लिहितो. तिबेटीत या दोन उच्चारांना स्वतंत्र अक्षरं आहेत. पहिल्याच आठवड्यात फळ्यावर ही दोन अक्षरं शेजारी काढली की वर्ग आपसूक बरोबर वाचतो.

घाम फुटतो तो वर्णलेखनाला. आठ या संख्येचं उदाहरण घ्या. लिहायचं ब, मग ग. त्या ग वर र चढवायचा, खाली य टांगायचा, शेवटी द. वाचायचं नुसतं ‘ग्ये’. मुलं म्हणतात, ‘सर, मग लिहायचं कशाला?’ त्यांना मी लडाखी माणसाच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण ऐकवतो. तिकडे आठला ‘र्ग्यत’ म्हणतात. डोक्यावरचा र आणि शेवटचं व्यंजन अजून कानावर येतं. लेखनाने जुना उच्चार धरून ठेवला आणि ल्हासाची जीभ पुढे निघून गेली, हे एकदा कानाने पटलं की तक्रार थांबते. तरी पहिले काही महिने रोज मोठ्याने अक्षरं लावत वाचण्याला पर्याय नाही. मठातली पोरं तसंच शिकतात.

यानंतर मात्र रस्ता अनपेक्षितपणे सरळ होतो. नवव्या शतकाच्या सुरुवातीला तिबेटी राजांनी अनुवादाचे नियम ठरवून दिले आणि नऊ हजारांवर नोंदींचा संस्कृत-तिबेटी कोश करून घेतला, तो ‘महाव्युत्पत्ति’. कोणत्या संस्कृत संज्ञेला कोणता तिबेटी प्रतिशब्द, हे ठरलं. त्यामुळे संस्कृत जाणणारा विद्यार्थी तिबेटी पानामागचं मूळ बऱ्याच वेळा ओळखू शकतो. इथे एक सावधगिरी मी पहिल्या दिवसापासून शिकवतो. तिबेटीवरून उभं केलेलं संस्कृत म्हणजे अभ्यासकाचा तर्क, मूळ ग्रंथकाराची ओळ नव्हे. छापताना ते तसं स्पष्ट म्हटलंच पाहिजे.

पुस्तकी तिबेटी एवढ्यावर जमेल. बोलणारी माणसं कुठून आणायची? तर विदर्भातूनच. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळच्या प्रतापगडला नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत 1972 पासून आहे. तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता, म्हणून तिबेटी समाजात ती अजूनही ‘भंडारा’ याच नावाने ओळखली जाते. मार्च 1959 मध्ये दलाई लामा भारतात आले, त्यांच्यामागून आलेल्या निर्वासितांसाठी देशभर ज्या वसाहती झाल्या त्यांतली ही महाराष्ट्रातली. धानाच्या मुलखात राहणारी ही माणसं थंडीत स्वेटर विकायला बाहेर पडतात. लुधियानाहून माल आणून नागपूर-अकोल्यासारख्या शहरांत ऊनी कपड्यांचे तिबेटी बाजार लागतात, दिवाळीच्या सुमारास सुरू होतात आणि संक्रांतीपर्यंत चालतात. आपण तिथे घासाघीस करतो, स्वेटर घेतो आणि समोरच्या बाईंना ‘नेपाळी’ म्हणून निघून जातो. पिढ्या उलटल्या तरी शेजाऱ्याची ओळख चुकीची सांगणं बरं नव्हे.

मी विद्यार्थ्यांना अकोल्याच्या बाजारात नेतो. तिथे ‘आमा-ला’ म्हणून हाक मारायची; ला म्हणजे आपला जी. तिबेटीतला आदर क्रियापदाच्या रूपावर थांबत नाही, नामालाही लागतो. आपला हात ‘लाकपा’, आजीचा हात ‘छाक’. आपलं डोकं ‘गो’, त्यांचं ‘उ’. आपण जातो ते वेगळं क्रियापद, त्या जातात ते वेगळं. एका मुलीने धीर करून आदराचं रूप वापरून विचारलं, कुठून आलात. समोरच्या आजी क्षणभर गप्प राहिल्या, मग घडाघडा बोलायला लागल्या. त्यातलं निम्मं तिला कळलं नाही, पण ती हललीही नाही. गिऱ्हाईक आलं तेव्हा आजींनी मराठीत भाव सांगितला, आणि पुन्हा तिच्याकडे वळून तिबेटीत बोलत राहिल्या. वर्गातल्या कितीतरी तासिकांनी जे होत नाही ते त्या टपरीपुढे झालं.

मायनर आखताना माझा आग्रह एवढाच असतो की सुरुवात ‘संस्कृती’ने करू नका. थांगका, मोमो, लोसार यांच्या चित्रफिती दाखवून पहिलं सत्र घालवलं की मुलांना सगळं कळल्यासारखं वाटतं आणि अक्षर एकही येत नाही. आधी लिपी आणि मोठ्याने वाचन. दुसऱ्या सत्रात व्याकरण, कोश पाहणं, साधी संभाषणं. तिसऱ्यापासून ‘सुहृल्लेख’, रोज एक श्लोक, घाई न करता. मेजर संस्कृत असेल त्याला पुढे तिबेटी मेघदूत, आयुर्वेदाच्या मुलाला अष्टांगहृदय, पालीवाल्याला धम्मपदाच्या नात्यातला ‘उदानवर्ग’. विदर्भात पालीकडे येणारी बहुतेक मुलं 1956 च्या नागपूरच्या दीक्षेचा वारसा सांगणाऱ्या घरांतली असतात. त्रिपिटक त्यांना जवळचं असतं. नालंदेची पुढची परंपरा तिबेटीत कशी उरली, हे त्यांच्यापुढे आलंच पाहिजे. संस्कृती यातून आपोआप येते, आणि मुळासकट येते.

पोटापाण्याचं विचारणाऱ्या पालकांना मी खोटी आशा दाखवत नाही. एकट्या मायनरवर नोकरी मिळत नाही. मात्र सारनाथला, पुण्यात, परदेशी विद्यापीठांत संस्कृत आणि तिबेटी दोन्ही जाणणाऱ्याला संशोधनात जागा असते, कारण असे लोक कमी आहेत. कंग्युर या बुद्धवचनांच्या तिबेटी संग्रहाचं इंग्रजी भाषांतर करण्याचा ‘84000’ हा उपक्रम 2010 पासून सुरू आहे आणि त्याचे अनुवाद कुणालाही मोफत वाचता येतात. मराठीसाठी असं काम उभं करायचं तर पहिल्या फळीची माणसं लागतील, आणि ती अशा छोट्या वर्गांतूनच येतील.

खर्च फारसा नाही. एक खोली, फळा, शरच्चंद्र दासांचा 1902 चा कोश, ध्वनिमुद्रणं ऐकवायला एक साधं यंत्र. ग्रंथ शिकवायला संस्कृत-तिबेटी जाणणारा एक शिक्षक हवा. संभाषणाच्या तासिकांसाठी मात्र नोर्ग्येलिंगमधलंच कुणी मानधन देऊन बोलवावं, पाहुणा म्हणून नव्हे तर वेळापत्रकात नाव घालून. मी दिलेल्या आराखड्यात ही अट पहिल्या पानावर आहे.